मागाच्या मागे : फितीचा ताण, फितीची गुंडाळणी

मागच्या व्याख्यानात आपण रुंद कापडाच्या मागाबद्दल बोललो. आज त्याच घरातल्या एका धाकट्या, दुर्लक्षित भावंडाकडे वळू या. ते भावंड म्हणजे फीत. बोटभर रुंद, फार तर चार बोटं. वेणीची लाल रिबन, खाटेची नवार, पदकाची पट्टी, गाडीत बसल्यावर खेचून लावतो तो सीटबेल्ट, हे सगळं एकाच कुळातलं. इतिहासाच्या पुस्तकांत फितीला जागा कमीच मिळते. ती बिचारी कपड्याच्या कडेला असते, आणि पुस्तकातही कडेलाच राहते. पण यंत्र आणि कारागीर यांच्यात युरोपात जी सुरुवातीची मोठी भांडणं झाली, त्यांतलं एक या फितीवरून झालं. वाफेच्या इंजिनाच्या कितीतरी आधी.

हे भांडण बहुतेकांना माहीत झालं ते कार्ल मार्क्समुळे. ‘भांडवल’चा पहिला खंड १८६७ साली आला. त्यात यंत्र आणि कामगार यांच्या झगड्याचं जे प्रकरण आहे, तिथे मार्क्स फितीच्या मागाची हकीकत सांगतो. व्हेनिसमध्ये १६३६ साली छापलेल्या लान्चेलोत्ती नावाच्या एका धर्मगुरूच्या पुस्तकातून त्याने ती घेतली आहे. डान्झिग शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कमध्ये, एकाच वेळी चार ते सहा फिती विणणारा एक माग कुणीतरी बनवला. नगराच्या कारभाऱ्यांना धास्ती पडली की याने शेकडो विणकर भिकेला लागतील. म्हणून त्यांनी माग दडपला आणि तो बनवणाऱ्याला गुपचूप मारून टाकलं, अशी ती कथा. खून खरा की रचलेला, हा वाद बाजूला ठेवू. मागावर आलेली बंदी मात्र कथेतली नाही. मार्क्सने तिची जंत्रीच दिली आहे. हॉलंडमध्ये सतराव्या शतकात पुन्हा पुन्हा निघालेले हुकूम, जर्मन साम्राज्यात १६८५ चा आणि परत १७१९ चा मनाई हुकूम, हॅम्बुर्गमध्ये नगरसभेच्या आज्ञेने भर चौकात जाळलेला माग. सॅक्सनीत तर हा माग उघडपणे चालवायला परवानगी मिळाली ती १७६५ साली.

आता मार्क्सचं एक वाक्य आपल्याला फार महत्त्वाचं आहे. त्याचा आशय असा की, या मागावर एखादा अगदी अननुभवी पोरगाही नुसता दांडा पुढे-मागे हलवून सगळे धोटे एकदम चालवू शकत असे, आणि सुधारलेल्या मागावर चाळीस-पन्नास फिती एका वेळी निघत. म्हणजे कसब संपलं, उरली फक्त हालचाल. पुढे सूतगिरणीत आणि यंत्रमागावर जे झालं त्याची ही नांदी, असं त्याचं म्हणणं.

दांड्याबद्दल मार्क्स चूक नाही. दांडा खराच होता. फ्रान्समध्ये सँ-एतियेन गावात तर या मागाचं नावच ‘दांड्याचा माग’ असं पडलं. पण मार्क्स मागाच्या समोर उभा आहे. समोरून दांडा दिसतो, धोटे दिसतात, फीत खाली उतरताना दिसते. आपण आज मागाच्या मागे जाणार आहोत. तिथे दिसतात रिळं, दोऱ्या आणि लोंबणारी वजनं. आणि तिथे उभं राहिलं की तो अननुभवी पोरगा काही पटत नाही.

त्यासाठी आधी ताण म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं. थोडं तांत्रिक आहे, पण कंटाळू नका.

ज्यांच्या घरी नवारीची खाट होती त्यांना हे सांगायला नको. नवी नवार कशी खडखडीत ताणून बसवतात. महिन्या-दोन महिन्यांत मधल्या पट्ट्या सैल पडतात, कडेच्या तशाच राहतात, आणि झोपणाऱ्याचा खड्डा होतो. मग एक दिवस सगळी नवार सोडून पुन्हा ओढावी लागते. एक पट्टी ओढून भागत नाही, कारण ती ओढली की शेजारची सैल वाटायला लागते. मागावरच्या ताण्याचं नेमकं हेच दुखणं आहे, फक्त पट्टीच्या जागी धागा.

ताणा म्हणजे मागावर लांबीत ओढलेले उभे धागे, बाणा म्हणजे आडवा धागा. विणताना ताण्याचा धागा बाण्याच्या वरून-खालून वळसे घेत जातो. वळसा घ्यायला लांबी लागते. म्हणून दहा हात ताण्यातून दहा हात फीत कधीच निघत नाही, थोडी कमीच निघते. आता फितीत नक्षी असली, की काही धागे प्रत्येक बाण्याला वळसा घेतात आणि काही धागे चार-पाच बाण्यांवरून सरळ तरंगत जातात. तरंगणाऱ्याची लांबी कमी खर्च होते. सुरुवातीला सगळे धागे सारखे ताणलेले असतात. हातभर विणून झालं की तरंगणारे धागे ढिले लोंबायला लागतात आणि वळसे घेणारे तारेसारखे कडक होतात. हे विणकराच्या हलगर्जीपणामुळे होत नाही. नक्षीच्या गणितातच ते बसलेलं आहे.

रुंद कापडात हजारो धागे असतात. त्यात पंधरा-वीस धाग्यांचा ताण कमी-जास्त झाला तर कापड ते पोटात घालतं. फितीला पोटच नाही! साठ-सत्तर धाग्यांच्या फितीत एका कडेचे पाच धागे घट्ट असले, की फीत विळ्यासारखी एका बाजूला वळते. टेबलावर सरळ ठेवलीत तरी ती सरळ राहायची नाही. टोपीला लावली तर एका अंगाला चुण्या पडतात. अशी फीत दुकानदार परत करतो. शिवाय फितीच्या दोन्ही कडा उघड्या दिसतात, दुमडून लपवायची सोय नाही. ताण सैल पडला की बाणा कडा आत ओढतो आणि फीत मध्येच अरुंद होते. म्हणजे काम जितकं अरुंद, तितकी चूक ठळक. फितीचं काम सोपं, लहान मुलांचं, असं आपल्याला वाटतं ते यामुळेच चुकीचं आहे.

आपल्याकडच्या विणकरांना ही गोष्ट साडीच्या काठातून ठाऊक आहे. काठात जादा ताण्याची नक्षी असली, तर त्या नक्षीचे धागे मुख्य तुळईवर गुंडाळून चालत नाहीत. त्यांचा खर्च वेगळा असतो. म्हणून ते वेगळे गुंडाळतात आणि मागाच्या मागे स्वतंत्र वजनं बांधून सोडतात. साडीचा काठ म्हणजे एक प्रकारे साडीला जोडून विणलेली फीतच की. तिचा ताण निराळा सांभाळावा लागतो.

मग फितीचा ताण धरायचा कुणी? सगळ्यांत जुनं उत्तर आहे, शरीराने. ताण्याचं एक टोक झाडाला किंवा खुंटाला, दुसरं कमरेला. विणणारी मागे रेलली की ताण वाढतो, पुढे झुकली की कमी होतो. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतापासून आपल्या ईशान्य भारतापर्यंत कमरेचा माग आजही चालतो. त्यात ताणाचं माप विणणारीच्या पाठीत असतं. शिकवून सांगता येत नाही, बसून बसून येतं.

उत्तर युरोपात याच कामाला चौकोनी पाट्या वापरत. लाकडाची किंवा हाडाची पातळ चकती, चार कोपऱ्यांना चार भोकं, प्रत्येक भोकातून एक धागा. अशा पाट्यांची चळत हातात धरून पाव वळण फिरवली, बाणा घातला, पुन्हा फिरवली, की घट्ट पट्टा तयार होतो. नॉर्वेतल्या ओसेबर्गला १९०४-०५ मध्ये एक व्हायकिंग जहाज उकरून काढलं. जहाजातलं दफन इ.स. ८३४ चं आहे, दोन स्त्रियांचं. त्यात बावन्न पाट्यांवर चढवलेला, अर्धवट विणलेला एक पट्टा सापडला. धागे अजून पाट्यांच्या भोकांत होते. अकराशे वर्षं थांबलेलं काम! पाट्यांच्या या विणीतही ताणाचं भूत आहेच. पाट्या एकाच दिशेने फिरवत राहिलं की पुढे वीण पडते आणि मागे उरलेल्या ताण्याला पीळ चढत जातो. पीळ चढला की ताण वाढतो, शेवटी पाट्या फिरेनाशा होतात. मग एक तर उलट दिशेने फिरवायचं, म्हणजे नक्षीची दिशा बदलते, नाही तर मागचं टोक सोडून पीळ काढून पुन्हा बांधायचं. जुन्या पट्ट्यांवर नक्षी मध्येच आरशातल्यासारखी उलटी झालेली दिसते, तिथे कित्येकदा सौंदर्यदृष्टी आणि मागचा पीळ या दोघांनी मिळून निर्णय घेतलेला असतो.

आता डान्झिगच्या मागाकडे परत येऊ. एका विणकराने एक फीत विणायची, हे सोपं. एकाने सहा विणायच्या ठरवल्या, तर अडचण कुठे येते? लोक म्हणतात धोट्यात. सहा धोटे एकदम कसे फेकायचे? ती अडचण खरी होती आणि तिचं उत्तर सुंदर होतं. धोटे फेकायचेच नाहीत. फणीच्या चौकटीतच त्यांना खाचा करून द्यायच्या आणि एका पट्टीने सगळे एकदम डावी-उजवीकडे सरकवायचे. प्रत्येक धोटा आपली फीत ओलांडतो आणि पलीकडच्या रिकाम्या जागेत जाऊन थांबतो. इतकंच. आतल्या यंत्रणेत पुढे सुधारणा झाल्या, पण कल्पना तीच राहिली.

खरी गाठ पुढे आहे. धोटे सहा झाले, पण फणी एकच, ठोका एकच. एका ठोक्याने सहाही फितींचा बाणा एकाच जोराने बसणार. आता समजा तिसऱ्या फितीचा ताणा थोडा सैल आहे. त्याच ठोक्यात तिचा बाणा वेगळा बसेल, वीण वेगळी पडेल. संध्याकाळी सहा फिती मोजल्या तर रुंदी निराळी, पोत निराळा, आणि व्यापाऱ्याला तर सहाही एकसारख्या हव्यात. ठोका प्रत्येक फितीसाठी बदलता येत नाही. धोटाही नाही. बदलता येते ती एकच गोष्ट, मागचं वजन. म्हणून फितीच्या मागात प्रत्येक फितीचा ताणा स्वतंत्र रिळावर असतो आणि प्रत्येकाचा ताण स्वतंत्र. रुंद कापडाचा माग आणि फितीचा माग यांतला मूळ फरक आमच्या मते हा आहे. सहा धोटे जोडलेला एक माग, असं याचं वर्णन करतात. आम्ही म्हणू, एका फणीला जुंपलेले सहा माग.

वजन लावणं म्हणजे तरी काय, दगड बांधला की झालं, असं वाटेल. इथे एक छोटं गणित आहे. रिळाभोवती दोरी गुंडाळून तिला वजन लावलं, की दोरी घासते आणि रीळ सहज फिरू देत नाही. हा झाला ब्रेक. पण रीळ भरलेलं असताना धागा मोठ्या घेरावरून सुटतो आणि संपत आल्यावर लहान घेरावरून. ब्रेक तेवढाच, घेर कमी, म्हणजे धाग्यावरचा ताण वाढणार. उदाहरणासाठी, भरलेल्या रिळाचा व्यास १० सेंटिमीटर आणि संपत आलेल्याचा ४ असेल, तर तेच वजन ठेवून ताण अडीच पट होतो. रेशमाचा बारीक धागा तुटायला तेवढं पुरे. म्हणून विणकराला अधूनमधून मागे जाऊन वजन कमी करावं लागतं. सहा फितींना सहा वेळा. सहा रिळं एकाच वेगाने रिकामी झाली तर नशीब, होत नाहीत.

दुसरी तऱ्हा अशी की, वजन रिळाला न बांधता ताण्याच्याच झोळात, कप्पीवरून सोडायचं. आता रीळ भरलेलं असो की रिकामं, धाग्यावर ताण सारखाच. ही युक्ती फार चांगली आहे. तिची किंमत एवढीच की, वीण पुढे सरकते तसं वजन वर चढत जातं. वरपर्यंत पोचलं की थांबून, रीळ सोडून, वजन पुन्हा खाली आणायचं. वीस फितींच्या मागाच्या मागे वीस वजनं वेगवेगळ्या उंचीवर लोंबत असतात आणि हळूहळू चढत असतात. कुठलं वजन उंचीवर आलं, कुठलं शेजाऱ्यापेक्षा वेगाने चढतंय, म्हणजे कुठल्या फितीचा ताणा जास्त खर्च होतोय, हे जाणत्या विणकराला मागे एक नजर टाकून कळायचं. दांडा हलवणारा अननुभवी पोरगा दांडा हलवेल. मागची वीस वजनं कोण वाचणार?

तर मग लोक एवढे चिडले का? कारण वजनं वाचणारा एक माणूस वीस जणांचं काम करत होता, हे काही खोटं नव्हतं. १६७५ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या विणकरांनी सलग तीन दिवस घरांत घुसून हे माग बाहेर काढले आणि रस्त्यावर जाळले. लंडनमध्ये एकाच फितीच्या मागावर पोट भरणारी कितीतरी कुटुंबं होती आणि फितीचा भाव पडत होता. त्यांच्या रागात अडाणीपणा शोधणं सोपं आहे. पण त्यांनी जाळले ते नेमके हेच माग. यंत्राच्या नावाने सरसकट जाळपोळ झाली नाही.

काही गावांनी मात्र उलट हिशेब केला. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात एमान्युएल होफमन या व्यापाऱ्याने १६६७ च्या सुमारास हॉलंडमधून असा एक माग गुपचूप आणवला. तिथल्या फीतवाल्यांच्या श्रेणीने तक्रार केली. नगरसभेत बसणारी मंडळी स्वतःच व्यापारी होती. निकाल काय लागला असेल ते सांगायला नको. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस बाझेलच्या आसपासच्या खेड्यांत असे दोन हजारांवर माग झाले. व्यवस्था अशी होती की माग शहरातल्या शेठचा, घर शेतकऱ्याचं. मागाचं धूड दिवाणखान्यात मांडलेलं, त्यालाच लागून जेवणाचं टेबल. (जाता जाता, ज्या शहरात रेशमी फिती, तिथे रंगारीही. बाझेलमध्ये आलेक्झांडर क्लाव्हेल या रेशीम रंगवणाऱ्याने १८५९ मध्ये कृत्रिम लाल रंग बनवायला घेतला. त्या कारखान्यातून पुढे सीबा कंपनी उभी राहिली. बाझेलची आजची औषधांची दुनिया शोधत मागे गेलात, तर एका टोकाला केसांची रिबन सापडेल.)

इथे आपण गुंडाळणीवर येतो. इतिहासात ती सगळ्यांत कमी लिहिली गेली आहे, म्हणून जरा थांबू या.

मागावर ताण नीट राहायचा तर आधी रीळ नीट भरलेलं हवं. फितीचं रीळ अरुंद असतं. धागे एका पातळीत, शेजारी शेजारी, एकसारख्या ओढीने बसले पाहिजेत. ओढ सैल पडली तर वरचा थर खालच्या थरात रुततो. कडेचे धागे खाली घसरतात. घसरलेला धागा कमी घेरावर बसतो, म्हणून त्याची लांबी शेजाऱ्यापेक्षा कमी भरते, आणि विणताना तोच धागा कडक होऊन फीत वळवतो. म्हणून रिळाला दोन्ही बाजूंना कडं लावतात, थरांमध्ये कागद घालतात. पण कडं आणि कागद यांनी निम्मं काम होतं. निम्मं काम बोटांचं. गुंडाळणारीने मंगळवारी दुपारी हात जरा सैल सोडला, तर ती चूक रिळाच्या पोटात बंद होऊन बसते आणि तीन आठवड्यांनी, वीस मैलांवरच्या खेड्यात, दुसऱ्याच कुणाच्या मागावर बाहेर येते.

बाझेलमध्ये हे अंतर खरोखरच होतं. रेशीम उकलणं, ताणा लावणं, रिळं भरणं ही कामं शहरात होत, बहुतांशी बायका करत. भरलेली रिळं निरोप्याच्या गाडीतून खेड्यात जात आणि विणलेल्या फिती त्याच गाडीतून परत येत. विणकराला मजुरी फितीच्या लांबीवर. फीत वाकडी निघाली तर मजुरी कापली जाणार ती विणकराची. चूक रिळातली असली तरी रीळ आता रिकामं झालेलं असतं. पुरावा विणून संपलेला असतो! आणि खेड्यातल्या घरात बाण्याच्या कांड्या भरायला आजी, नाही तर शाळेतून आलेली पोरं. त्यांची मजुरी वेगळी लिहिलेलीच नाही, ती विणकराच्या मजुरीत धरलेली. फितीच्या उद्योगाचे हिशेब आपल्याला मागांच्या संख्येत मिळतात. एका मागामागे किती हात गुंडाळत होते, हे त्या आकड्यात दिसत नाही.

हे काही स्वित्झर्लंडपुरतं नाही. आपल्याकडे इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर कुठेही जा. यंत्रमाग म्हटला की खडखडाट आणि मागवाला डोळ्यांसमोर येतो. कांड्या भरणाऱ्या बायका येत नाहीत. कांडी सैल भरली की बाणा अडकतो, धागा तुटतो, माग थांबतो आणि बोलणी कुणाला बसतात ते त्या बायकांना विचारा.

आता इंग्लंड. तिथे फितीच्या मागाला शक्तीवर चालवण्याची घाई लवकर झाली. फेकधोट्याने प्रसिद्ध असलेला जॉन के आणि त्याचा भागीदार जोसेफ स्टेल यांनी १७४५ मध्ये फितीचा माग यंत्राने हलवण्याचं पेटंट घेतलं. १७६५ च्या सुमारास मँचेस्टरमध्ये गार्टसाइड नावाच्या कारखानदाराने अशा मागांचा कारखाना काढला. मागांना माणसाच्या हाताची गरज नाही, असा हिशेब होता. पण नंतरच्या नोंदींत या कारखान्याबद्दल एकच शेरा येतो की त्यातून फायदा झाला नाही, कारण प्रत्येक मागापाशी एक माणूस उभा करावाच लागला. दांड्याचं काम पाण्याने केलं, तरी माणूस उरलाच. तो काय करत होता? आमचा तर्क असा की तो मुख्यतः तुटलेले धागे जोडत होता आणि मागची वजनं बघत होता. पोरगा हटवला, जाणता राहिला.

फितीचं इंग्लंडमधलं खरं गाव म्हणजे कॉव्हेंट्री. नेपोलियनच्या युद्धाच्या शेवटच्या वर्षांत कडेला मोठे फासे काढलेल्या फितींची अशी लाट आली की मजुरी चढली आणि जो तो विणकर व्हायला धावला. कारखानदारांनी अर्ध्या मजुरीवर शिकाऊ पोरं घेतली. लाट ओसरली, पोरं मोठी झाली, काम तेवढंच राहिलं. या गर्दीत १८३१ च्या नोव्हेंबरमध्ये जोसाया बेक नावाच्या माणसाचा वाफेवर चालणारा फितीचा कारखाना जमावाने जाळला. तिघांना फाशीची शिक्षा झाली, ती पुढे हद्दपारीवर आली. त्यानंतर बरीच वर्षं कॉव्हेंट्रीत वाफ आणायला कुणी फारसं धजावलं नाही.

आणि मग कॉव्हेंट्रीने एक विलक्षण तडजोड काढली. जॉन आणि जोसेफ कॅश या भावांनी १८५७ मध्ये विणकरांसाठी घरांची रांग बांधायला घेतली. बेत शंभर घरांचा होता, अठ्ठेचाळीस झाली. खाली राहायचं घर, वरच्या मजल्यावर मोठ्या खिडक्यांची मागाची खोली. आवारात एक वाफेचं इंजिन. त्याचा दांडा सगळ्या घरांच्या वरच्या मजल्यांतून आरपार गेलेला. विणकराने आपल्या घरात बसून इंजिनाची शक्ती भाड्याने घ्यायची. आज आपण याला विचित्र म्हणू. पण आपण जे बोलत आलो त्याच्या उजेडात बघा. हालचाल इंजिनाने करावी, हे विणकराने मान्य केलं. घर, वेळ आणि मागाच्या मागची बाजू त्याने आपल्याकडे ठेवली. कांड्या भरणारी बायको-पोरंही त्याच छपराखाली राहिली. सैल रीळ कुणी भरलं, हे त्याला जिना उतरून विचारता येत होतं.

ही तडजोड टिकली नाही. पण तिला मारलं ते वेगळ्याच गोष्टीने. जानेवारी १८६० मध्ये इंग्लंड-फ्रान्स व्यापार करार झाला आणि फ्रेंच फितींवरची जकात गेली. सँ-एतियेन आणि बाझेलच्या फिती इंग्लंडच्या बाजारात आल्या. त्याच उन्हाळ्यात कॉव्हेंट्रीत मजुरीच्या दरासाठी मोठा संप झाला आणि फसला. हजारो माणसं गाव सोडून गेली. जे टिकले ते फितीला नवं काम शोधून. थॉमस स्टीव्हन्सने १८६२ पासून रेशमी चित्रं विणलेल्या पुस्तकखुणा काढल्या. कॅश बंधूंचं नाव पुढे घरोघरी पोचलं ते मुलांच्या शाळेच्या कपड्यांना शिवायच्या, नाव विणलेल्या पट्ट्यांमुळे. त्यांच्या घरांतले वरचे मजले एकमेकांना जोडून साधा कारखाना झाला.

आज फितीच्या मागात धोटा राहिलेला नाही. त्याच्या जागी एक वाकडी सुई येते, बाणा आत नेऊन सोडते, आणि दुसऱ्या कडेला तो टाक्याने अडकवला जातो. अशा मागांचा जगातला एक मोठा कारखाना, याकोब म्यूलर, बाझेलपासून फार लांब नसलेल्या फ्रिक या गावात आहे, १८८७ पासून. म्हणजे फितीचा धंदा त्या मुलखातून उठला, तरी फितीचे माग बनवणारे तिथेच राहिले. त्या मागांवर दांडा नाही, धोटा नाही, समोर उभा असलेला विणकरही बहुधा नाही. एक माणूस अनेक यंत्रांवर फिरतो. पण यंत्राच्या मागे जाऊन पाहा. प्रत्येक पट्ट्याचा ताणा आजही स्वतंत्र रिळावर आहे आणि प्रत्येकाचा ताण स्वतंत्र बसवलेला आहे. सीटबेल्टच्या पट्ट्यात साधारण तीनशे धागे असतात. अपघातात त्या सगळ्यांनी ओझं एकदम उचलायचं असतं. त्यातले काही जन्मापासूनच जास्त ताणलेले असतील, तर ते आधी तुटतील आणि उरलेल्यांवर भार येईल. म्हणून तिथे ताण मापकाने मोजतात आणि रिळं भरणाऱ्या यंत्राजवळ कुणीतरी उभं असतं.

आज इथे थांबू. पुढच्या वेळी आपण नक्षीकडे जाऊ, म्हणजे जकारच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांकडे. तोवर प्रश्न असतील तर घेऊ या.